छोट्या कारखान्याची हजेरी आणि पगार एक्सेलमधून क्लाऊडवर नेताना काय आधी करायचं, काय नंतर

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा, पन्नास ते दीडशे माणसांच्या युनिटमध्ये पगाराचं काम बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने चालतं. गेटवर अंगठ्याचं नाहीतर चेहऱ्याचं मशीन, महिनाअखेरीला त्यातून पेन ड्राईव्हवर काढलेला डेटा, मग तो एक्सेलमध्ये टाकून एक माणूस दोन-तीन दिवस बसतो, कोणाचा पंच म्हणजे मशीनवरची येण्याजाण्याची नोंद राहिली ते सुपरवायझरला फोन करून विचारतो, उचल वजा करतो, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयचे (कामगार विमा) फॉर्म्युले ओढतो आणि शेवटी बँकेची फाईल बनवतो. हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यात असतं, तो आजारी पडला किंवा नोकरी सोडून गेला की पगार लांबतो. म्हणून क्लाऊडवरचं एचआर सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतं आणि इथेच घाई होते. सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो आठवड्यात सुरू करून देतो, मालक हो म्हणतात, आणि पहिल्याच महिन्यात वीस जणांचे पगार चुकतात.

माझं मत अगदी पक्कं आहे, हे सॉफ्टवेअर मालकाला डॅशबोर्ड दिसावा म्हणून घ्यायचं नसतं, मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला त्याची पगारस्लिप बरोबर मिळावी आणि ती त्याला कळावी म्हणून घ्यायचं असतं. ज्याचा ओव्हरटाईम चार तास कमी धरला गेला तो दर वेळी भांडायला येईलच असं नाही, बरेचदा तो काहीच बोलत नाही, मनात धरून बसतो आणि दिवाळीचा बोनस हातात पडला की शेजारच्या कंपनीत जातो. तेव्हा खाली जे काही लिहिलंय ते त्या स्लिपकडे बघून लिहिलंय.

आधी नियम कागदावर उतरवा

सॉफ्टवेअरचा डेमो बघायच्या आधी हे करा. आपल्याकडे निम्मे नियम तोंडी असतात. उशिरा आल्यावर किती मिनिटं माफ? महिन्यात तीनदा उशीर झाला तर अर्धा दिवस कापायचा का? ओव्हरटाईम कितव्या मिनिटापासून धरायचा, अर्ध्या तासाच्या पटीत की मिनिटाला मिनिट, आणि दर कशावर काढायचा? दिवसाचा पगार काढताना भागायचं कशाने, २६ ने, ३० ने की महिन्याच्या खऱ्या दिवसांनी? सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी की दुप्पट पैसे? हे सुपरवायझरला एक माहीत असतं, अकाउंटवाल्याला दुसरं आणि मालकांच्या मनात तिसरंच असतं. तिघांना एका टेबलावर बसवा, एकेक प्रश्न विचारा, उत्तर लिहून घ्या आणि खाली मालकांची सही घ्या. दोन-तीन पानं होतील, पण हा कागद नसेल तर सॉफ्टवेअर बसवणारा पोरगा त्याच्या मनाने डिफॉल्ट सेटिंग ठेवतो आणि ते कोणालाच कळत नाही.

साप्ताहिक सुट्टीचंच घ्या. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट असतो रविवार. वर ऑफिस स्टाफला रविवार, प्रॉडक्शनला गुरुवार असं असेल तर दोन वेगळी सुट्टी कॅलेंडरं लागतात. सणांच्या सुट्ट्यांची यादी पण तशीच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या येतातच, बाकीच्यांत गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी वगैरे तुमच्याकडे जे ठरलंय ते. तयार मिळणाऱ्या यादीत कधी कधी दुसऱ्याच राज्याच्या सुट्ट्या असतात आणि १ मेला महाराष्ट्र दिन दिसतच नाही, ते बघून घ्या.

नवीन कामगार संहिता (केंद्राचे नवे कामगार कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यामुळे पगाराची रचना पण याच वेळी तपासून घ्या. मुद्दा असा की घरभाडं, कन्व्हेयन्स असे वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. समजा एखाद्याचे एकूण २४,००० आहेत, त्यात बेसिक ८,००० आणि बाकी १६,००० भत्त्यांत टाकलेत. निम्मे म्हणजे १२,०००, भत्ते त्याहून ४,००० जास्त, म्हणजे वेतन धरायचं १२,०००. याचा परिणाम ग्रॅच्युइटीसकट बऱ्याच गोष्टींवर होतो. बेसिक मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवायची जी जुनी सवय आहे ती सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी नेऊ नका, तुमच्या लेबर कन्सल्टंटला समोर बसवून नवीन रचना ठरवा आणि मगच भरा.

मास्टर डेटा, इथे खरा वेळ जातो

प्रत्येक कामगाराची एक ओळ, त्यात एम्प्लॉयी कोड, नाव, जन्मतारीख, रुजू तारीख, लिंग, आधार, पॅन, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), ईएसआय नंबर, बँक खातं, आयएफएससी, पगाराचे भाग. वाटतं सोपं पण नावांनी जीव जातो. आपल्याकडे आधारवर आडनाव शेवटी, जुन्या पीएफ रेकॉर्डवर आडनाव आधी, बँकेत वडिलांचं नाव गायब, आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे वेगळं. सूर्यवंशी मध्ये कुठे एक यू कुठे डबल ओ, गायकवाडमध्ये शेवटी एखादा ए जास्त. बायकांचं तर लग्नानंतर नाव बदललेलं असतं, आधार नवीन नावाचं, यूएएन माहेरच्या नावाचं. सॉफ्टवेअरला याचं काही नाही, ते जे भराल ते घेतं, पण पीएफच्या पोर्टलवर नाव जुळलं नाही की केवायसी अडकते आणि त्या बाईला पुढे स्वतःचे पैसे काढताना ऑफिसच्या चकरा माराव्या लागतात. म्हणून नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारप्रमाणे घ्या, आधार, यूएएन आणि बँक असे तीन कॉलम शेजारी शेजारी लावून फरक असलेल्यांची वेगळी यादी काढा आणि ती दुरुस्तीला आत्ताच लावा, सॉफ्टवेअर सुरू होण्याची वाट बघत बसू नका.

लिंगाचा कॉलम रिकामा ठेवायची चूक फार जण करतात, काय फरक पडतो म्हणून. फरक पडतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर लागत नाही, १ एप्रिल २०२३ पासून हा बदल आहे, पुरुषांना मात्र १०,००० च्या वर गेलं की दर महिना २०० लागतो. कॉलम रिकामा असला की सॉफ्टवेअर बहुधा सगळ्यांना पुरुषांचाच स्लॅब लावतं आणि पॅकिंगला बसणाऱ्या अठरा हजारवाल्या बाईचे दर महिन्याला २०० रुपये उगाच कापले जातात. फेब्रुवारीतले ३०० धरून वर्षाचे २,५०० होतात ते, तिच्यासाठी ही छोटी रक्कम नाही.

ओपनिंग बॅलन्स पण याच वेळी. शिल्लक रजा, उचलीची बाकी, कर्जाचे राहिलेले हप्ते, आणि वर्षाच्या मध्ये सुरू करत असाल तर एप्रिलपासून दिलेला पगार आणि कापलेला टीडीएस (पगारातून कापायचा प्राप्तिकर). उचलीचा हिशोब बऱ्याच ठिकाणी वहीत असतो, गणपतीला दिलेले पाच हजार, मुलीच्या ॲडमिशनला दिलेले दहा, त्यातले किती फिटले हे फक्त कॅशियरला माहीत. वहीतली प्रत्येक बाकी त्या त्या कामगाराला दाखवून त्याची सही घ्या आणि मगच सिस्टीममध्ये चढवा.

जमत असेल तर सुरुवात १ एप्रिललाच करा. टीडीएसचं वर्ष तिथूनच चालू होतं, ईएसआयचा सहामाही काळ पण तिथूनच, त्यामुळे मागचं ओझं कमी येतं. ते जमलं नाही तर १ ऑक्टोबर त्यातल्या त्यात बरं.

कोणतं घ्यायचं

भारतातल्या पगाराच्या नियमांवर बनवलेली भरपूर आहेत, झोहो पेरोल, ग्रेटएचआर, केका ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात. फ्रॅपे एचआर हे मुंबईच्या कंपनीचं ओपन सोर्स आहे, ते स्वतःच्या सर्व्हरवर फुकट टाकता येतं, पण त्यासाठी आयटी जाणणारा माणूस पाहिजे, तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. परदेशी सॉफ्टवेअर दिसायला छान असतात पण पीएफ ईएसआय व्यवसाय कर हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत मुळात नसतं, मग पगार परत एक्सेलमध्येच येतो. पैसे साधारण दर माणशी दर महिना असे असतात आणि कमीत कमी किती माणसांचे भरावेच लागतील याची एक अट असते, ती आधी विचारा. मशीन जोडायचे वेगळे, सुरुवातीच्या सेटअपचे वेगळे, मोबाईल हजेरीचे वेगळे असे आकडे नंतर वाढत जातात, तेव्हा सगळं मिळून वर्षाचा एकच आकडा लेखी मागा.

डेमो घेताना त्यांचा तयार डेमो बघत बसू नका. त्यात कायम एक सकाळी नऊला येणारा आणि सहाला जाणारा ऑफिसवाला असतो, त्याचा पगार कुठलंही सॉफ्टवेअर बरोबर काढतं. तुमच्याकडच्या अवघड केस घेऊन जा आणि समोर करून दाखवायला सांगा. होईल असं तोंडी उत्तर चालणार नाही, स्क्रीनवर झालं पाहिजे. मी कायम ज्या केस द्यायला सांगतो त्या अशा.

पहिली रातपाळीची. बुधवारी रात्री ११.३० ला सुरू होणारी थर्ड शिफ्ट, कामगाराचा आत यायचा पंच बुधवार २३:२२ आणि बाहेर जायचा पंच गुरुवार ०७:०८. गुरुवार त्याची साप्ताहिक सुट्टी. सेटिंग नीट नसेल तर सॉफ्टवेअर म्हणतं बुधवारी माणूस आला पण गेलाच नाही, म्हणजे मिस पंच, अर्धा दिवस किंवा गैरहजर. आणि गुरुवारी सुट्टी असताना एक पंच दिसतोय म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केलं. एका रात्रीत दोन चुका, एक कामगाराच्या विरोधात आणि एक कंपनीच्या. याला सॉफ्टवेअरमध्ये शिफ्टचा दिवस कुठे संपतो याची वेळ ठरवायची सोय लागते, म्हणजे सकाळी ९ किंवा १० पर्यंतचा पंच आदल्या दिवसाच्या रातपाळीत धरायचा. ही सोय आहे का, आणि रातपाळीवाला थांबून पुढच्या पाळीत डबल ड्युटी करतो तेव्हा त्याचं काय होतं, दोन्ही बघा.

दुसरी ईएसआयची. महिना २१,००० पर्यंत पगार असला की ईएसआय लागू, कामगाराचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के. आता एखाद्याचा पगार २०,५०० होता, जूनमध्ये वाढून २२,००० झाला. बरीच मंडळी जूनपासूनच कपात बंद करतात, ते चूक आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन काळ असतात आणि काळ सुरू होताना माणूस ईएसआयमध्ये असेल तर काळ संपेपर्यंत तो आतच राहतो. म्हणजे जून ते सप्टेंबर त्याचे पूर्ण २२,००० वर कापायचे, कामगाराचे १६५ आणि कंपनीचे ७१५. हे पैसे कापले म्हणून तो कुरकुर करेल पण त्याच्या घरात ऑपरेशन निघालं तर हेच कार्ड कामाला येतं, त्यामुळे सॉफ्टवेअरने हे आपणहून करायला पाहिजे.

तिसरी फेब्रुवारीची. व्यवसाय कर ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५००. डेमोमध्ये फेब्रुवारीचा पगार चालवून बघा. मग जून आणि डिसेंबरचा चालवा, कारण महाराष्ट्र कामगार कल्याण निधी वर्षातून या दोनच महिन्यांत कापला जातो, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५, आधी हे १२ आणि ३६ होते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अजून १२ दिसतात त्यांची नियमांवरची नजर किती आहे ते कळून जातं.

चौथी साधीच, महिन्याच्या १७ तारखेला रुजू झालेला आणि त्यातही एक दिवस बिनपगारी असलेला माणूस. तुमचं एक्सेल आणि त्यांचं उत्तर जुळतं का बघा. जुळलं नाही तर लगेच त्यांना चुकीचं ठरवू नका, भागाकार २६ चा की ३० चा एवढाच फरक असतो बऱ्याचदा, पण तो का आलाय ते समोरच्याला सांगता आलं पाहिजे. ज्याला ते सांगता येत नाही त्याचा सपोर्ट पुढे महिनाअखेरीला काय मदत करणार.

गेटवरचं मशीन

जुनं मशीन फेकायची गरज बऱ्याचदा नसते. ईएसएसएल वगैरे कंपन्यांच्या मशीनची बरीच मॉडेल्स इंटरनेटवरून डेटा आपोआप पुढे पाठवू शकतात, मशीनच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकावा लागतो. तुमचं नेमकं मॉडेल चालतं का हे सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी घ्या. नेट गेलं तरी मशीन पंच स्वतःच्या मेमरीत ठेवतं आणि नेट आल्यावर पाठवतं, त्यामुळे नेट गेलं म्हणून हजेरी बुडत नाही, पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी नेट बंद असताना पगार चालवला तर तो दिवस सगळ्यांचा गैरहजर येईल. म्हणून पगार चालवायच्या आधी मशीनचा शेवटचा डेटा किती वाजताचा आलाय ते बघायची सवय लावा. लाईट जाते तिथे मशीनला आणि राऊटरला, दोन्हीला यूपीएस पाहिजे, एकाला देऊन उपयोग नाही.

मशीनमधला युजर नंबर आणि सॉफ्टवेअरमधला एम्प्लॉयी कोड एकच ठेवा. आणि सोडून गेलेल्या माणसाचा नंबर नव्या माणसाला कधीही देऊ नका. नंबर मोकळा झाला म्हणून वापरला की नव्याची हजेरी जुन्याच्या खात्यात जाते, आणि पीएफचं रिटर्न भरलं की तो घोळ निस्तरायला महिने जातात. मशीनचं घड्याळ पण बघत जा, सात-आठ मिनिटं पुढे गेलेलं असतं आणि रोज लोकांना उशीर लागत राहतो.

ग्राइंडिंग, फाउंड्री, केमिकलवर काम करणाऱ्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांचा अंगठा दहादा लावला तरी मशीन घेत नाही आणि मागे रांग लागते. त्यांच्यासाठी चेहऱ्याचं किंवा कार्डाचं मशीन घ्या, त्यांच्या पंचसाठी सुपरवायझरच्या मर्जीवर त्यांना सोडू नका. मोबाईलवरून लोकेशनसकट हजेरी सेल्स आणि सर्व्हिसवाल्यांना ठीक आहे, शॉप फ्लोअरवर मोबाईल नेऊ देत नसाल तर तिथे त्याचा हट्ट नको.

कपाती भरताना

पीएफचं थोडक्यात सांगतो. १२ टक्के कामगाराचे, १२ टक्के कंपनीचे, आणि कंपनीच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, तेही १५,००० च्या मर्यादेपर्यंतच, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. पीएफचं वेतन १४,००० असेल तर कामगाराचे १,६८०, कंपनीच्या १,६८० पैकी १,१६६ पेन्शनला आणि ५१४ पीएफ खात्यात. मर्यादेच्या वर पीएफ कापता की १५,००० ला थांबता हे प्रत्येक माणसामागे वेगळं असू शकतं, त्यामुळे सगळ्यांना एकच सेटिंग लावू नका, जुन्या रिटर्नमध्ये कोणाचं कसं होतं ते बघून लावा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेला आणि तेव्हाच १५,००० च्या वर वेतन असलेला माणूस पेन्शनमध्ये येत नाही, त्याची वेगळी खूण सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते आणि ती हमखास राहते.

पीएफच्या पोर्टलला चढवायची ईसीआर फाईल सॉफ्टवेअर आपोआप बनवून देतं, साधी टेक्स्ट फाईल असते, प्रत्येक आकड्याच्या मध्ये #~# अशी खूण. पहिल्या दोन महिन्यांत ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून चार-पाच ओळी हाताने तपासा, वेतन, पेन्शनचं वेतन आणि बिनपगारी दिवस हे तीन आकडे बघा. पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. सॉफ्टवेअर चलन (पैसे भरायचा फॉर्म) बनवतं, पैसे ते भरत नाही, हे अकाउंटवाल्याला स्पष्ट सांगून ठेवा.

टीडीएससाठी एक करा, एप्रिलमध्येच सगळ्यांकडून जुनी की नवीन करप्रणाली ते सिस्टीममध्ये निवडून घ्या. कोणी काही निवडलं नाही तर नवीनच धरली जाते, आणि गृहकर्ज, विमा दाखवणारा माणूस मार्चमध्ये येऊन विचारतो माझा एवढा कर का कापला.

ठेकेदाराची माणसं असतील तर त्यांची हजेरी तुमच्याच मशीनवर घ्या पण वेगळा गट करून, त्यांचा पगार ठेकेदार करेल. त्याच्याकडून दर महिन्याला पीएफ ईएसआयची चलनं नावांच्या यादीसकट घ्या आणि तुमच्या हजेरीशी ताडून बघा, कारण त्याने भरलं नाही तर मूळ मालक म्हणून ते तुमच्यावर येतं. इथे सॉफ्टवेअरचा फार चांगला उपयोग होतो, गेटवर चाळीस माणसं पंच करतायत आणि चलनात एकतीसच नावं आहेत हे लगेच दिसतं. ती राहिलेली नऊ माणसं पण माणसंच आहेत, त्यांचा पीएफ कुठेतरी बुडतोय.

दोन्हीकडे एकदम चालवा

किमान दोन, जमलं तर तीन महिने जुनं एक्सेल आणि नवीन सॉफ्टवेअर दोन्ही चालवा, पगार एक्सेलप्रमाणे द्या. दुप्पट काम होतं हे खरंय पण याला पर्याय नाही. दोन्हीकडची हातात पडणारी रक्कम शेजारी शेजारी लावा आणि फरक असलेली प्रत्येक ओळ उलगडा. एक-दोन रुपयांचा फरक राऊंडिंगचा असतो, ईएसआय पुढच्या पूर्ण रुपयाला नेतात, पीएफ जवळच्या रुपयाला. त्याहून मोठा फरक असेल तर कारण मिळेपर्यंत सोडू नका. आणि एक लक्षात घ्या, बऱ्याचदा चूक सॉफ्टवेअरची नसते, वर्षानुवर्षं एक्सेलच चुकत आलेलं असतं. कोणाचा तरी ओव्हरटाईम दुप्पट ऐवजी एकपट गेलेला असतो, कोणाची रजा जमाच झालेली नसते. असं सापडलं तर मालकांना सांगा आणि मागचे पैसे द्यायला लावा, गुपचूप पुढच्या महिन्यापासून बरोबर करून मोकळं होऊ नका.

लोकांना सांगताना

ईमेलवर सर्क्युलर पाठवून काही होत नाही. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं गेटजवळ असतात, तेव्हा पंधरा मिनिटं घ्या, तीन दिवस तिन्ही पाळ्यांना. एक नमुना स्लिप मोठी छापून लावा आणि एकेक ओळ वाचून दाखवा, हे हजर दिवस, ही पगारी सुट्टी, हे ओव्हरटाईमचे तास, हा पीएफ म्हणजे तुझेच पैसे, ही उचल, ही बाकी, हे हातात किती. स्लिप मराठीत होते का ते विचारा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्लिपचा साचा बदलता येतो आणि ओळींची नावं मराठीत टाकता येतात, बाहेरच्या राज्यातली पोरं असतील तर हिंदीत पण एक साचा करा. ज्यांच्याकडे ॲप चालवायचा फोन नाही किंवा ज्यांना ते जमत नाही त्यांना छापील स्लिप द्याच, कॅन्टीनजवळ एक टॅब ठेवून रजेचा अर्ज तिथे भरायची सोय करा, आणि सुरुवातीला तिथे मदतीला कोणीतरी उभं राहिलं पाहिजे.

मिस पंचची दुरुस्ती कोण करणार हे सगळ्यांसमोर सांगा. कामगाराने दोन दिवसांत सांगायचं, सुपरवायझरने मंजूर करायचं, एचआरने बघायचं, आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये राहिली पाहिजे. महिन्याच्या २५ तारखेला प्रत्येकाला त्याची तोवरची हजेरी दिसू द्या म्हणजे तक्रारी पगाराच्या आधी येतात, नंतर येत नाहीत. माझ्या मते या एका गोष्टीने जेवढी भांडणं कमी होतात तेवढी कशानेच होत नाहीत.

लॉगिन, कागदपत्रं आणि बाहेर पडायची सोय

एचआर नावाचं एकच लॉगिन आणि त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, हे बंद करा. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, मोबाईलवर ओटीपी, आणि पगार बनवणारा आणि मंजूर करणारा वेगळा. सुपरवायझरला हजेरी दिसू द्या, पगार नको. बँक खातं बदललं की दुसऱ्या माणसाची मंजुरी लागलीच पाहिजे, पैसे वळवायची सगळ्यात सोपी जागा तीच असते.

कामगारांचे आधारचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं थांबवा, अगदी आजपासून. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, जबाबदारी टप्प्याटप्प्याने लागू होतेय आणि ती कंपनीवर येते, सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवून सुटका होत नाही. लागेल तेवढंच मागा, कशासाठी घेतोय ते सांगा, माणूस सोडून गेल्यावर काय किती काळ ठेवायचं ते ठरवा. डेटा कुठे ठेवतात, बॅकअप कसा घेतात, हे करारात लिहून घ्या.

माणूस नोकरी सोडतो तेव्हाची प्रक्रिया पण सुरुवातीलाच बसवा. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की कामावरून काढणं असो, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, महिनाभराने या असं आता सांगता येत नाही. म्हणजे उचलीची बाकी, शिल्लक रजेचे पैसे, टूल जमा केल्याची पावती हे सगळं शेवटच्या दिवसाआधी सिस्टीममध्ये तयार पाहिजे. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसांना एक वर्ष झालं तरी ग्रॅच्युइटी लागू होते, त्यांचा गट वेगळा ठेवा नाहीतर सॉफ्टवेअर पाच वर्षांचाच नियम लावत राहील.

आणि तुम्हालाच हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर? पैसे थकले किंवा करार संपला की लॉगिन बंद होतं आणि जुन्या स्लिपा आत अडकतात. म्हणून दर महिन्याला पगार झाला की हजेरी, पगारपत्रक, स्लिपा, ईसीआर आणि चलनं उतरवून घ्या, एक्सेल आणि पीडीएफ दोन्हीत, आणि कंपनीच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर महिन्याच्या नावाने फोल्डर करून ठेवा. करार संपल्यावर किती दिवस डेटा उतरवू देतील हे सही करायच्या आधी विचारा, आणि उत्तर करारात आलं की मगच पहिला चेक द्या.